बाबा महाराजांचे मृत्युपत्र

ऑगस्ट १८९७. पुण्यातले पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज पटकीने अंथरुणाला खिळले होते. पत्नी ताई महाराज अगदी तरुण, त्यात गरोदर; इस्टेटीवर कर्ज. स्नेही बाळ गंगाधर टिळक राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. ७ तारखेला महाराजांनी मृत्युपत्र करून टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि इतरांना विश्वस्त नेमले. त्याच दिवशी ते वारले.

मृत्युपत्रातली तरतूद वाचायला सरळ होती. मुलगा झाला नाही, किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने पत्नीच्या मांडीवर दत्तक द्यावा. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला आणि दोनेक महिन्यांत गेला. आता दत्तक निवडायचा कोणी? विधवेने की विश्वस्तांनी? दोघांचे पटले नाही तर काय, हे घाईच्या त्या कागदात कुठेच नव्हते.

जून १९०१ मध्ये औरंगाबादेत घराण्याच्या भाऊबंदांपैकी, विश्वस्तांच्या पसंतीच्या जगन्नाथचे दत्तविधान झाले. पण दोन महिन्यांनी ताई महाराजांनी आपल्या पसंतीने कोल्हापूरचे बाळा महाराज दत्तक घेतले.

पुढचे सगळे कोर्टात. १९०२ मध्ये पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर फौजदारी खटला उभा राहिला. १९०३ मध्ये दीड वर्षाची शिक्षा, अपिलात ती सहा महिने, मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयातून निर्दोष सुटका. दिवाणी दावा त्याहून चिवट निघाला. खालच्या कोर्टाने जगन्नाथचे दत्तक मान्य केले, १९१० मध्ये उच्च न्यायालयाने ते फिरवले. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अखेर १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथच्या बाजूने निकाल दिला.

टिळकचरित्रांत हे प्रकरण टिळकांच्या छळाचे म्हणून येते, आणि छळ झालाच. पण ज्या बाईच्या मांडीवर मूल द्यायचे, तिची पसंती विचारात घेण्याची सोय मृत्युपत्रातच नव्हती, हा अन्यायही तितकाच खरा. १९०३ मध्ये त्या वारल्या, तेव्हा दाव्याचा निकाल बारा वर्षे दूर होता.

खरे तर बाबा महाराजांना मृत्युपत्र लिहून करणे कायद्याने भागही नव्हते. मुंबई शहरात १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने लेखी मजकूर आणि दोन साक्षीदार आवश्यक केले होते. पुण्यासारख्या मुफस्सल भागात मात्र हिंदूंचे तोंडी मृत्युपत्रही चालत असे. ही मुभा १ जानेवारी १९२७ पासून संपली.