औषध पिणारी नळी

ब्रिस्बेनमधल्या एका प्रयोगशाळेत एक्मोचे, म्हणजे शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळणारे, यंत्र सुरू होते. त्याला रुग्ण मात्र जोडलेला नव्हता. नळ्यांतून माणसाचे ताजे रक्त वाहत होते, कृत्रिम फुप्फुसातून फिरून पुन्हा पंपाकडे येत होते. किरण शेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात आयसीयूतली नेहमीची औषधे सोडली आणि २४ तास नमुने तपासले. २०१२ मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. फेंटॅनिल हे वेदनाशामक उरले होते फक्त ३ टक्के, गुंगीचे मिडॅझोलम १३ टक्के. यंत्राबाहेर ठेवलेल्या तशाच रक्तात मात्र फेंटॅनिल ८२ टक्के होते आणि मिडॅझोलम सगळेच्या सगळे. औषध मोडायला तिथे यकृत नव्हते, बाहेर टाकायला मूत्रपिंड नव्हते. औषध प्यायले ते प्लॅस्टिकने.

यंत्र आणि औषध यांची गाठ जुनी आहे. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वास कोंडलेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घातली. पण ती धडपडत होती, हवा आत जाईना. त्यांनी तिला पेंटोथाल हे गुंगीचे औषध दिले, तिचा विरोध थांबला आणि हाताने पिशवी दाबून तिला श्वास देता आला. पुढे विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावून शेकडो रुग्णांना असाच श्वास दिला गेला. आजच्या आयसीयूचे मूळ इथे सांगतात. कृत्रिम श्वास सोसायचा तर गुंगी लागते, हेही तिथेच दिसले होते.

पुढच्याच वर्षी, ६ मे १९५३ रोजी, फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशिनवर हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली. हे यंत्र काही तासांचे सोबती. ते सुरू झाले की रुग्णाच्या रक्तातली औषधाची पातळी घसरे. यंत्र आधी द्रवाने भरून घ्यावे लागते, त्यात रक्त पातळ होते, त्यामुळे ही घसरण साहजिक वाटे. १९८४ मध्ये टोरांटोच्या गिडियन कोरेन यांच्या गटाने दाखवले की फेंटॅनिलचा हिशेब एवढ्याने जुळत नाही. औषध यंत्रातच अडकत होते.

खरे तर सलाईन लावणाऱ्यांना हे नवे नव्हते. इन्सुलिन काचेला चिकटते. छातीत कळ आल्यावर देतात ते नायट्रोग्लिसरीन पीव्हीसीच्या पिशवीत आणि नळीत मुरते. त्यासाठी वेगळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या वापरायची पद्धत पडली. स्निग्ध पदार्थांत सहज विरघळणाऱ्या औषधांना प्लॅस्टिक आवडते. फेंटॅनिल, मिडॅझोलम, प्रोपोफॉल ही त्यातलीच. मॉर्फिन पाण्याच्या बाजूचे. ब्रिस्बेनच्या यंत्रात ते जवळजवळ जसेच्या तसे राहिले.

यंत्राच्या सोबतीचे तास जाऊन दिवस झाले तेव्हा प्रश्न गंभीर झाला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला एक्मोवर ठेवून वाचवले. परिचारिकांनी तिचे नाव ठेवले एस्पेरांझा, म्हणजे आशा. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम पाव लिटर. त्या काळच्या यंत्रात त्याहून जास्त मावे. वजनावर बेतलेला डोस मग कोणाच्या वजनाचा? १९९० च्या सुमारास बोस्टनमध्ये एक्मोवरच्या बाळांचा अभ्यास झाला, तेव्हा आठवड्याभरात फेंटॅनिल चौपटीहून जास्त वाढवावे लागत असल्याचे दिसले. इथे सगळा दोष प्लॅस्टिकवर टाकता येत नाही. बाळांच्या रक्तातली पातळीही चढत होती, तरी गुंगी पुरत नव्हती. शरीराला औषधाची सवय लागत होती.

डायलिसिसची शाखा उलट्या वाटेने वाढली. १९४३ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन आवरणातून रक्त फिरवून कृत्रिम मूत्रपिंड बनवले. इथे औषध चिकटण्यापेक्षा गळून जाण्याची भीती जास्त. व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाचे रेणू मोठे. जुन्या पडद्यांतून ते फारसे जात नसे, म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून एक डोस पुरे. मोठ्या छिद्रांचे पडदे आले आणि तेच औषध निसटू लागले. रुग्ण तोच, जंतू तोच, डोस मात्र नव्याने ठरवावा लागला. 

दिवसरात्र संथपणे चालणारे डायलिसिस १९७७ मध्ये ग्योटिंगेनला पेटर क्रामर यांनी सुरू केले, तेही चुकून शिरेऐवजी धमनीत नळी गेल्यावर सुचले म्हणून. आता गाळणे थांबतच नाही. मेरोपेनेमसारखे प्रतिजैविक प्रथिनांना फारसे बांधलेले नसते, ते पाण्याबरोबर वाहून जाते. सेफ्ट्रियाक्सोन प्रथिनांना घट्ट धरून असल्याने बरेचसे मागे राहते. ब्रिस्बेनच्या यंत्रातही २४ तासांनी मेरोपेनेम २० टक्केच उरले होते. पण बाहेरच्या रक्तातही ते ४२ टक्क्यांवर आले होते, कारण शरीराच्या उबेत ते आपोआप विघटते.

तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांच्या शेवटच्या आजारपणात, डिसेंबर २०१६ मध्ये, ‘एक्मो’ हे नाव घरोघरच्या बातम्यांत आले आणि कोविडने ते ओळखीचे केले. अशा रुग्णाला पुष्कळदा डायलिसिसही लागते. मग मॉर्फिन नळीला चिकटत नाही म्हणून निवडावे, तर मूत्रपिंड बंद पडल्यावर त्याचे उपपदार्थ अंगात साठतात आणि गुंगी उतरत नाही. अशा पेचांमुळे जिथे सोय आहे तिथे प्रतिजैविकाची रक्तातली पातळी मोजून डोस ठरवतात. गुंगीच्या औषधांसाठी मात्र परिचारिकेची नजरच मोजमाप ठरते: रुग्ण डोळे उघडतो का, नळीशी झगडतो का. गुठळ्या झाल्या की एक्मोचा संच बदलतात. औषध पिऊन तृप्त झालेले प्लॅस्टिक जाते, कोरे येते, आणि कालपर्यंत पुरणारे फेंटॅनिल त्या पाळीत कमी पडू शकते.