कालीघाटचे मांजर

श्रोतेहो, आणि विशेष करून गुरुजनहो, आज एका मांजराची हकिकत ऐका. अंग पिवळेधमक, त्यावर पट्टे, कपाळावर वैष्णवाचा टिळा, आणि तोंडात काय? भली मोठी कोळंबी!

हे मांजर कलकत्त्याच्या कालीघाटचे. तिथले कालीमातेचे आजचे देऊळ 1809 सालचे. देवळाभोवती यात्रा वाढली तसे खेड्यापाड्यांतले पटुवे, म्हणजे चित्रे काढणारे, तिथे येऊन राहिले. गावी असताना ते लांबलचक पट रंगवीत आणि गाऊन दाखवीत. पण यात्रेकरूला कुठला एवढा वेळ, आणि कनवटीला पैसा तरी किती? त्याला हवे पैशा-दोन पैशाचे चित्र, तेही उभ्याउभ्या. मग पट सुटला, गिरणीचा स्वस्त कागद आला. घरातल्या एकाने रेघ ओढायची, दुसऱ्याने रंग भरायचा, तिसऱ्याने काठ काळा करायचा. हात भरभर चालायचा म्हणून आकार सोपे झाले. डोके गोल, कान त्रिकोणी, अंग अंड्यासारखे. ही साधी रेघ अडाणीपणाची नव्हे, गरजेतून कमावलेली आहे.

आणि तो टिळा? अहो, ती भोंदू साधूची थट्टा आहे. आपण म्हणतोच ना, मांजर डोळे मिटून दूध पिते! ही थट्टा फार जुनी. पंचतंत्रात तपस्वी बोका आहे, आणि महाबलिपुरमला सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पात एक मांजर मागच्या पायांवर उभे राहून तप करते आहे; पायाशी उंदीर जमलेत!

पुढे छापील चित्रे आली. पुण्याची चित्रशाळा 1878 ची, रवि वर्म्यांचा मुंबईचा छापखाना 1894 चा. जर्मनीतूनही छापील चित्रे येऊ लागली. हाताच्या चित्राला गिऱ्हाईक उरेना. 1930 च्या सुमारास कालीघाटचा धंदा बसला तो बसलाच. आपल्याकडे फार थोड्यांनी ती चित्रे जपून ठेवली, कारण पैशाची वस्तू कोण जपतो? मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1865 पासून दहा वर्षे शिकवणारे लॉकवुड किपलिंग यांनी मात्र जमवली. त्यांच्या मुलाने 1917 साली दोनशेंवर चित्रे लंडनच्या संग्रहालयाला दिली.

मांजर मेले नाही, हे जामिनी रॉय यांचे उपकार. 1887 साली बांकुडा जिल्ह्यातल्या बेलियातोड गावी जन्मलेला हा माणूस कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत विलायती तैलचित्रे शिकला, त्यात पोटही भरू लागला. आणि 1920 नंतर ते सारे बाजूला ठेवून पटुव्यांच्या रेघेकडे वळला. आपल्या गावच्या रंगाऱ्याला गुरू मानायला छाती लागते! त्यांची मांजरे कोळंबी धरून टक लावून बघतात. 1954 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आता शाळेचे बघू. विलायती नमुना समोर ठेवून हुबेहूब मांजर काढ म्हटले की निम्मी पोरे "मला नाही येत" म्हणून पाटी सारतात, आणि ते "नाही येत" पुढे जन्मभर सोबत राहते. त्यापेक्षा वाटीच्या काठाने गोल काढू द्या. वर दोन त्रिकोण. अंग आडवे, तोंड मात्र आपल्याकडे वळलेले, कालीघाटची हीच खुबी आहे. डोळे बदामासारखे, मोठ्ठे. शेपूट हवी तशी. पट्टे निळे काढले तर काढू द्या, पुसू नका. डहाणू-तलासरीकडच्या गुरुजींना हे नवे नाही. वारली भिंतीवर त्रिकोण जोडूनच माणूस उभा राहतो.

रंग विकत आणायला नकोत. गेरू, हळद, कपड्याची नीळ, खडूची पूड, दिव्याची काजळी. रंग धरायला चिंचोक्याची खळ: जामिनीबाबूही चिंचोकेच वापरीत, आणि आपल्या घोंगडी विणणाऱ्यांच्या घरी ती असतेच. चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून वाटा आणि पातळ शिजवा. दोन दिवसांत वास मारते, तेव्हा थोडीच करा. हळद उन्हात उडते. चित्रे सावलीत वाळत घाला.