फॉरेस्ट गावचा डॉनल्ड

स्वमग्नता हा शब्द मराठीत रुळून फार काळ लोटलेला नाही. शब्द नव्हता तेव्हाही अशी मुले आपल्या घराघरांत होतीच. कुणी त्यांना वेडसर म्हणे, कुणी शापित म्हणे, आणि पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत नेले जाई. या मुलांना वैद्यकशास्त्रात नाव कसे मिळाले, त्या नावापाठोपाठ त्यांच्या आयांच्या कपाळी दोष कसा आला आणि तो कुणी पुसला, याची हकीकत आमच्या वाचकांपुढे मांडावी असे आम्हांस वाटते.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९३३ साली डॉनल्ड ट्रिप्लेट जन्मला. वडील वकील, आजोळच्या मंडळींची गावात बँक. अगदी लहान वयातच हा बाळ तेविसावे स्तोत्र आणि प्रेस्बिटेरियन धर्मशिक्षणाची पंचवीस प्रश्नोत्तरे घडाघडा म्हणू लागला; मात्र आईने हाक मारली तर वळून पाहत नसे. ज्या घरात स्तोत्र पाठ करणारे मूल म्हणजे अभिमानाचा विषय, त्या घरात ही गोष्ट किती जिव्हारी लागली असेल, हे आपल्याला निराळे सांगायला नको. १९३७ साली, तो तीन वर्षांचा असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला एका संस्थेत ठेवण्यात आले. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला घरी आणले. संस्थाचालकांचे म्हणणे होते की, त्याला आहे तेथेच राहू द्यावे.

त्यानंतर वडिलांनी मुलाविषयी तेहतीस पानांचे टंकलिखित पत्र बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना पाठविले. १९४३ साली कॅनर यांनी अकरा मुलांवरील आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यातील पहिला मुलगा म्हणजे हा डॉनल्ड. एका पित्याने बारकाईने लिहून काढलेले ते टिपण या शास्त्राच्या पायाशी आहे, याचा उल्लेख क्वचितच होतो.

परंतु आम्हांस त्या निबंधाहून अधिक मोलाचे वाटते ते एका शेतकरी दांपत्याचे काम. डॉनल्ड नऊ वर्षांच्या आसपास असताना त्याला गावापासून काही मैलांवरील लुईस नावाच्या निपुत्रिक पतिपत्नीकडे ठेवले गेले. कॅनर १९४५ साली तेथे गेले आणि थक्क झाले. या मुलाला मोजण्याचे वेड होते; लुईस यांनी त्याला मक्याच्या ओळी मोजत नांगर धरायला लावले. मोजमापाचा नाद होता, तर विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितले. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करीत असे, म्हणून त्याला शेतात एक कोपरा दफनभूमीसाठी दिला. प्रत्येक थडग्यावर तो नावाची पाटी लावी आणि त्या जिवाला आडनाव देई लुईस. छंद मोडून काढण्याऐवजी त्याला कामाची वाट करून देण्याची ही युक्ती त्या साध्या माणसांना कोणत्याही ग्रंथाने शिकविली नव्हती. जवळच्या खेडेगावच्या शाळेनेही त्याचे वेगळेपण सांभाळून घेतले.

दुर्दैवाने विद्वानांची वाट दुसरीकडे वळली. ही उणीव जन्मजात आहे असे कॅनर यांनी मूळ निबंधात म्हटले होते. पण पुढे १९४९ साली त्यांनीच या मुलांच्या पालकांची तुलना थंडगार शीतकपाटाशी केली. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम त्याहून पुढे गेले. स्वतः नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या या माणसाने १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात या मुलांच्या स्थितीची तुलना छावणीतील कैद्यांशी केली. मग पहारेकरी कोण, हे वाचकाने ओळखायचे! एका पिढीतील आया रात्रभर जागून मुलांना सांभाळीत होत्या आणि दिवसा दवाखान्यात जाऊन, तुमच्या मायेच्या अभावानेच हे झाले, असे ऐकून घेत होत्या.

हा दोष पुसला तो पालकांनीच. अमेरिकन नौदलातील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड स्वतः अशा मुलाचे वडील होते. १९६४ साली त्यांनी ग्रंथ लिहून ही व्याधी मेंदूच्या घडणीतील आहे असे प्रतिपादन केले. त्या ग्रंथाला प्रस्तावना कॅनर यांचीच होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. लंडनमध्ये ती १९६२ सालीच निघाली होती आणि तिच्या संस्थापकांत मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग होत्या, त्याही अशाच एका मुलीच्या आई. १९६९ साली अमेरिकेतील पालकांच्या सभेत कॅनर यांनी सर्वांसमक्ष पालकांना दोषमुक्त जाहीर केले. ती घोषणा व्हायला सव्वीस वर्षे लागली.

आपल्या देशातही सुरुवात एका आईनेच केली. मेरी बरुआ यांनी १९९१ साली दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था काढली. १९९४ साली तिची शाळा सुरू झाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात मात्र स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही मुले नव्हतीच. पालकांच्या मागणीनंतर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या कायद्याने एकवीस अपंगत्वांत त्यांची गणना केली. न्यास कायद्यातील एक तरतूद आपल्या कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावी. मूल अठरा वर्षांचे झाले की केवळ आईबाप म्हणून त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार उरत नाही. त्यासाठी जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. पुष्कळांना हे बँकेच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर कळते.

कारण प्रत्येक अशा घरातला खरा प्रश्न एकच: आमच्या मागे याचे काय? डॉनल्डच्या आईवडिलांनी त्याच्या खर्चाची सोय करून ठेवली होती. तो महाविद्यालयीन पदवीधर झाला, गावच्या त्याच बँकेत नोकरीला लागला, मोटार शिकला, रोज गोल्फ खेळला, एकट्याने परदेशांत हिंडला. १९८० साली वडील गेले, १९८५ साली आई; त्यानंतर त्याच घरात तो जवळजवळ अडतीस वर्षे राहिला आणि जून २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. त्याच्या म्हातारपणी दोन पत्रकार त्याचा शोध घेत फॉरेस्टला पोहोचले, तेव्हा गावातल्या निरनिराळ्या माणसांनी त्यांना जवळजवळ एकाच शब्दांत बजावले होते की, आमच्या डॉनला दुखावाल तर गाठ आमच्याशी आहे.