विवरातील रेघ

१९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल लागले आणि 'सागर सम्राट' हे नाव आपल्याकडे घरोघर झाले. नाव यंत्राचे झाले, आणि ते स्वाभाविकच. यंत्र डोळ्यांना दिसते. परंतु हजार मीटरांहून खोल, वीतभर रुंद अशा विवरात काय दडले आहे, हे ओळखायचे कसे? त्यासाठी आपण जरा मागे, फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील पेशेलब्रॉनला जाऊ.

हे तेलाचे जुने ठिकाण. अठराव्या शतकात तेथे तेलाने माखलेली वाळू खणून काढीत. पुढे विंधणविहिरी आल्या, त्याबरोबर अडचणही आली. थरांची पारख करायची तर खडकाचा गाभा कापून वर आणावा लागे. त्यात वेळ आणि पैसा फार जाई. शिवाय ठिसूळ खडकाचा वाटेतच भुगा होई. कॉन्राड आणि मार्सेल श्लुंबर्जे या बंधूंनी जमिनीत वीज सोडून खालचा खडक ओळखण्याची विद्या बसवली होती. तीच विहिरीत उतरवायचे ठरले.

५ सप्टेंबर १९२७ रोजी कॉन्राडचे जावई आंरी डॉल आणि त्यांचे दोन सहकारी या कामाला लागले. थाटमाट काही नव्हता. तारांना जोडलेली नळी विवरात सोडायची, थांबायचे, खडक विजेला किती अडवतो ते मोजायचे, आकडा टिपायचा. मग आणखी एक मीटर. त्या आकड्यांवरून हाताने रेघ काढली.

खाऱ्या पाण्याने भरलेल्या खडकातून वीज सहज जाते, तेलातून जात नाही. पण घट्ट चुनखडकही विजेला तसाच अडवतो! तेव्हा रेघ चढली की तेल, असे म्हणणारा हमखास फसणार. शेजारच्या विहिरीची रेघ जवळ ठेवून कोणता थर कोठे खचला ते जुळवायचे, ही खरी करामत. आणि मधला एखादा मीटर कोणी अंदाजाने भरला, तर तीही फुकट. तेलाच्या इतिहासात भांडवलवाल्यांना पानेच्या पाने मिळतात, या कारकुनी वाटणाऱ्या कामाला क्वचित एखादी ओळ. आमच्या मते हा हिशेब उलटा आहे.

१९२९ पर्यंत ही पद्धत व्हेनेझुएला, अमेरिका आणि सोव्हिएत रशियात पोचली. मग एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. वीज बंद असली तरी मापकाचा काटा हलत असे. यंत्राचा दोष म्हणून ती नोंद सहज खोडता आली असती. ती कोणी खोडली नाही. सच्छिद्र थरांपाशी विवरातला चिखल आणि खडकातले खारे पाणी यांच्यामुळे आपोआप वीज उपजते, हे तिच्यावरून उमगले, आणि १९३१ पासून कागदावर एका रेघेच्या जागी दोन येऊ लागल्या.