वेदना, विस्मृति आणि मातेचा शब्द

७ एप्रिल १८५३ रोजीं व्हिक्टोरिया राणीला आठवें अपत्य झालें. त्या वेळीं डॉ. जॉन स्नो हे घडी केलेल्या रुमालावर क्लोरोफॉर्म घालून तो राणीला हुंगावयास देत होते. ५३ मिनिटें हा उपचार चालला, आणि राणीनें पुढें त्याची मुक्तकंठानें स्तुति केली. एडिंबरोच्या जेम्स यंग सिंप्सन यांनीं प्रसूतींत क्लोरोफॉर्मचा उपयोग १८४७ सालींच सुरू केला होता. परंतु प्रसूतीच्या कळा हा निसर्गाचाच नियम असून त्यांत ढवळाढवळ करूं नये, असें मानणारे नामांकित वैद्य कमी नव्हते. राणीच्या इच्छेपुढें असले आक्षेप लंगडे पडले. सामान्य घरच्या गर्भवतीची इच्छा मात्र कोण विचारणार?

हा प्रश्न ६० वर्षांनीं अमेरिकेंत ऐरणीवर आला. जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें क्रोनिग व गाउस हे डॉक्टर मॉर्फीन व स्कोपोलामीन या औषधांच्या साह्यानें बाळंतपणें करीत. या अवस्थेला संधिनिद्रा म्हणतां येईल. कारण ती ना पुरी झोप, ना पुरी जाग. तींत वेदना नाहींशी होत नसे. नाहींशी होई ती वेदनेची आठवण. जून १९१४ मध्यें ‘मॅक्लुअर्स’ मासिकांत या पद्धतीचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि अमेरिकन स्त्रियांनीं सभा भरवून, संस्था स्थापून, आपल्या डॉक्टरांनीं हीच पद्धति स्वीकारावी असा आग्रह धरला. त्यांतील अनेकजणी स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडणाऱ्या होत्या. बाळंतपण जिचें, तिनें त्याची रीत ठरवावी, हें त्यांचें म्हणणें न्यायाचेंच होतें.

१९१५ सालीं या चळवळीच्या एक पुढारी, श्रीमती कारमोडी, या बाळंतपणांतच निवर्तल्या. दोष औषधाचा नव्हे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तरीहि चळवळीचा जोर ओसरला. औषध मात्र मागें राहिलें. फ्रायबुर्गला शांत, अंधारी खोली असे. रुग्णेच्या स्मृतीची वारंवार परीक्षा घेऊन मात्रा ठरवीत. अमेरिकेंतील गजबजलेल्या रुग्णालयांत एवढी सवड कोठून असणार? भ्रमिष्ट अवस्थेंत हातपाय झाडणाऱ्या स्त्रियांना खाटेला पट्ट्यांनीं बांधून ठेवण्याची चाल तेथें पडली. मुलाचा जन्म आईला आठवत नसे, आणि बाप बाहेर येरझारा घालीत असे. मागणी स्त्रियांनीं केली होती. व्यवस्था मात्र रुग्णालयाच्या सोयीची झाली. स्वतः निर्णय घेण्यासाठीं लढलेल्या स्त्रीच्या वांट्याला अशी स्थिति आली, कीं जींत तिला कोणताच निर्णय घेतां येऊं नये!

म्हणून पुढच्या पिढीची मागणी नेमकी उलट झाली. इंग्लंडमध्यें डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनीं १९३३ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं भीतीनें स्नायु ताठरतात व त्यामुळें वेदना वाढते. मातेला आधींपासून सर्व समजावून सांगितलें, तर ती शुद्धींत राहून प्रसूत होऊं शकते. पॅरिसचे डॉ. फेर्नां लामाझ यांनीं १९५१ सालीं रशियांत श्वासाच्या अभ्यासाची एक पद्धति पाहिली आणि ती फ्रान्समध्यें आणली. तेथें प्रसूत झालेल्या मार्जरी कार्मेल या अमेरिकन बाईंनीं १९५९ सालीं आपला अनुभव पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं, १९५८ सालीं, ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकानें प्रसूतिगृहांतील निष्ठुर वागणुकीविषयीं मातांचीं पत्रें छापलीं होतीं. हळूहळू पट्टे गेले, आणि दाराबाहेरच्या पतीलाहि आंत जागा मिळूं लागली.

याचा अर्थ रुग्णालय वाईट व घर चांगलें, असा नव्हे. जंतुनाशक औषधें, रक्तदान व शस्त्रक्रिया यांनीं असंख्य मातांचे प्राण वांचविले आहेत. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरीं जाई. सुईण येई, उशाशीं आई बसे. तेथें सोबत होती, पण गुंतागुंत झाल्यास उपाय थोडा. पुढें रुग्णालयांत उपाय मिळाला, पण आई दाराबाहेर राहिली. आणि पति तर दोन्हींकडे बाहेरच होता. २०१६ सालीं भारत सरकारनें सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवण्यास अनुमति देणारीं मार्गदर्शक सूत्रें काढलीं, तीं हीच उणीव भरून काढण्यासाठीं.

बेशुद्धि मागणारी १९१४ ची स्त्री आणि शुद्धि मागणारी १९५९ ची स्त्री या परस्परविरोधी भासतात. पण दोघींची मूळ मागणी एकच होती. आपल्या देहासंबंधीं होणाऱ्या गोष्टी आपणांस सांगून, विचारून व्हाव्यात. पहिलीचा पराभव औषधानें केला नाहीं. औषध दिल्यानंतर तिला पुन्हां कोणी कांहीं विचारलें नाहीं, म्हणून तो झाला. ज्या घरांत पाळणा हलावयाचा आहे, त्या घरानें हा इतिहास ध्यानांत ठेवावा आणि विचारावयाचें तें वेळेवर, कळा सुरू होण्यापूर्वींच, विचारून घ्यावें.