काहीच न करणाऱ्या स्क्रिप्टांचा इतिहास

डेबियन किंवा उबुंटू वापरत असाल, तर डीपीकेजीकडे पॅकेजेसची यादी मागून बघा. काही नावांआधी 'आरसी' दिसेल. म्हणजे पॅकेज केव्हाच काढलंय, पण सिस्टिम त्याला विसरलेली नाही. बहुतेकदा मागे सेटिंगच्या फाइल्स उरलेल्या असतात. कधीकधी मात्र उरलेली असते फक्त एक स्क्रिप्ट, जी काहीच करत नाही. माझं संशोधन अशा स्क्रिप्टांवर आहे.

डेबियन सुरू झालं १९९३ मध्ये. त्याच्या पॅकेजमध्ये चार स्क्रिप्टा असू शकतात: बसवण्याआधीची, बसवल्यानंतरची, काढण्याआधीची आणि काढल्यानंतरची. चारही रूटच्या अधिकाराने चालतात आणि एखादी अडखळली की काम अर्धवट लटकतं. पॅकेज बनवणाऱ्याला यांचे तयार साचे मिळतात. साचा न भरता तसाच राहिला, तरी डीपीकेजी तो इमानदारीत चालवतं. शेवटची स्क्रिप्ट रिकामी असली तरी ती 'पर्ज'च्या वेळी चालवायची, म्हणून पॅकेजचं नाव जपून ठेवतं.

रिकामी स्क्रिप्ट ओळखणं सोपं आहे. १९९८ मध्ये आलेलं लिंटियन स्क्रिप्ट चालवत नाही, नुसतं वाचतं. टिपणं, 'सेट', 'केस', 'एक्झिट' वगळून काही उरलं नाही, की इशारा देतं.

अवघड आहे ती कारण संपलेली स्क्रिप्ट. डेबियनची कागदपत्रं '/यूएसआर/डॉक'मधून '/यूएसआर/शेअर/डॉक'मध्ये हलवायची होती. मधल्या काळात कुणाची चुकामूक होऊ नये म्हणून १९९९ मध्ये तांत्रिक समितीने ठरवलं, की प्रत्येक पॅकेजने बसताना जुन्या जागी दुवा करायचा आणि निघताना पुसायचा. स्थलांतर संपलं आणि त्या ओळी निरर्थक झाल्या. कोड तोच, चूक एकही नाही! पुढे 'हा दुवा आता करू नका' असा नियम लिंटियनमध्ये माणसांनीच घातला.

२०२० मध्ये फ्रान्समधल्या कोलिस प्रकल्पाने डेबियनच्या २८,८१४ स्क्रिप्टांवर गणिती पद्धतीने काम करून १५०हून जास्त नियमभंग शोधले. मोठंच काम. पण नियम न मोडताही स्क्रिप्ट निरर्थक असू शकते. ती काय करते हे यंत्र सांगेल. ते अजून कुणाला हवंय का, हे सांगायला ती का लिहिली ते माहीत हवं. म्हणून मी कोडइतकेच जुने चेंजलॉग वाचते. तुम्ही पॅकेज बनवत असाल, तर स्क्रिप्टेत एक ओळ कारणाचीही लिहा.