फरसबंदीचा अंदाज आणि आपला समाज

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी पाथरवटांच्या धंद्याच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आम्ही काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, त्यानंतर अध्यापनाचा अभ्यासक्रम आणि पुढे जन्मभर प्राथमिक शाळेतील मास्तरकी, एवढीच आमची शिदोरी. तथापि लेणी, मंदिरे व किल्ले यांतील आपल्या पूर्वजांच्या हस्तकौशल्याचे गुणगान या पानांतून अनेकवार झालेले आहे. दगड कसा घडवावा हे आपणांस कोणी शिकवावयास नको. घडविलेल्या दगडाचे मोल किती सांगावे, हा प्रश्न मात्र आपण सदैव दुसऱ्यावर सोपविला. म्हणून या लेखात फरसबंदीच्या अंदाजाचा, म्हणजेच कामापूर्वी खर्च व किंमत ठरविण्याच्या विद्येचा, यथामति मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

ही विद्या आधुनिक नव्हे. अकबर बादशहाचा मंत्री अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'ऐन-इ-अकबरी' या ग्रंथात बांधकामाच्या साहित्याचे भाव, कारागिरांची मजुरी आणि घरबांधणीचे अंदाज यांसाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. फत्तेपूर सिक्रीच्या डोंगरातील तांबडा दगड मणास ३ दाम. नक्षी आखणाऱ्या संगतराशास गजास ६ दाम, साधे काम करणाऱ्यास ५ दाम. दगड फोडणाऱ्या मजुरास मणामागे २२ जितल, असे दर त्यात दिलेले आहेत. त्या काळी ४० दामांचा एक रुपया व २५ जितलांचा एक दाम होत असे. यातील दरांपेक्षा त्यांची विभागणी विचारात घेण्याजोगी आहे. माल निराळा, फोडणे निराळे, साधी घडाई निराळी आणि नक्षी निराळी, असे चार हिशेब तेथे मांडलेले दिसतात. आपल्यातील कित्येक कंत्राटदार आजही हे चारही हिशेब एकाच तोंडी आकड्यात गुंडाळून सांगतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

महाराष्ट्रात पाहावे तर रायगडाच्या जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकर यांचे नाव कोरलेले आहे. गडाचे बांधकाम चालू असता द्रव्य अपुरे पडले आणि हिरोजींनी आपली जमीन व वाडा विकून काम पूर्ण केले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तिच्यात एक सत्य आहे. अंदाज तोकडा पडला की तूट कोणाला तरी भरावीच लागते, आणि ती बहुधा बांधणाराच भरतो. हिरोजींचे नाव निदान पायरीवर राहिले. सामान्य पाथरवटाच्या वाट्यास तेही येत नाही. पुढे पेशवाईत, १७३० साली पुण्यास शनिवारवाड्याचे काम सुरू होऊन १७३२ साली वास्तुशांत झाली. या कामास १६,११० रुपये खर्च आल्याचे सांगतात. धनी रुपयारुपयाचा हिशेब राखीत होता. कारागिराचा हिशेब मात्र त्याच्या स्मरणात असे आणि त्याच्याबरोबरच तो जाई.

इंग्रजी अमलात मोठा पालट झाला. डलहौसीच्या कारकीर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले आणि १८५४ साली पुण्यात त्या खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणारा अभियांत्रिकी वर्ग उघडला. दरसूची, निविदा, मोजणीपुस्तक, अनामत हे शब्द कामावर रुळले. माप ब्रासचे झाले: घनफळात शंभर घनफूट, फरसबंदीत शंभर चौरस फूट. मोजणी लिहून ठेवण्याची शिस्त चांगलीच होती. परंतु वही ओव्हरसियरच्या हाती आणि घण आपल्या हाती, अशी वाटणी झाल्यामुळे ज्यास वाचता येत नाही तो आपल्याच घामाच्या मोजणीखाली अंगठा उठवू लागला. अशा काळात स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारे महात्मा जोतीराव फुले विद्येवाचून झालेले अनर्थ पोटतिडकीने सांगत होते, हे विसरता कामा नये.

१८७१ साली मुंबई व मद्रास यांना जोडणारा लोहमार्ग रायचूरपाशी पुरा झाला. त्याच मार्गावर शहाबाद आहे. तेथील चुनखडीचा दगड थरांनी सुटतो, त्यामुळे फरशी जवळजवळ तयारच मिळते. आपल्याकडील काळा पाषाण मात्र टाकीचे घाव घालूनच सपाट करावा लागतो. दूरची फरशी वाहतुकीसकट घरच्या दगडाहून स्वस्त पडू लागली. तिचा भाव सर्वांस ठाऊक असतो. आता किंमत ठरते ती तळ, उतार, सांधे आणि बसवणीची मजुरी यांवर. नेमक्या याच न दिसणाऱ्या बाबी आपल्या अंदाजातून निसटतात.

येथे घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आमच्या तीर्थरूपांनी संसार तगविला. त्यानंतर दोन वर्षांनी शेजारच्या तालुक्यातील एका देवळाच्या प्रांगणाची फरसबंदी त्यांनी उक्ती घेतली. प्रांगण ६० फूट लांब व ४० फूट रुंद. तीर्थरूपांस अक्षरओळख नव्हती. आम्ही आठवीत होतो आणि गणितात पहिले येत होतो. पाटीवर गुणाकार आम्हीच केला: २,४०० चौरस फूट, म्हणजे २४ ब्रास. त्यास फरशीचा व मजुरीचा दर लावून आकडा काढला आणि तीर्थरूपांनी तो मोठ्या अभिमानाने पंचांपुढे सांगितला.

गुणाकारात चूक नव्हती. चूक पाटीच्या बाहेर, जमिनीत होती. प्रांगण पूर्वेकडे उतरते होते. पाण्याच्या वाटेसाठी ठेवावयाचा उतार वजा जाता पूर्वेच्या कडेस दीड फूट भर घालावी लागणार होती. सरासरी पाऊण फूट धरली तरी २,४०० गुणिले पाऊण, म्हणजे १,८०० घनफूट, अर्थात १८ ब्रास मुरूम. आणि धुम्मसाने ठोकल्यावर तो दबतो म्हणून सुमारे चौथाई अधिक धरता साडेबावीस ब्रास. हा मुरूम, त्याची वाहतूक व ठोकाई यांपैकी एक पैसाही आमच्या आकड्यात नव्हता. तीर्थरूपांनी वाढ मागितली, तेव्हा "उक्ते म्हणजे उक्ते" असे उत्तर मिळाले, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते चूक नव्हते. "देवाचे काम अर्धे टाकून कसे यायचे?" एवढेच ते घरी बोलले. काम पुरे झाले आणि बैलजोडी विकली गेली. दगड आणणारी गाडी अंगणात उभी होती, जुंपायला बैल नव्हते. त्यानंतर तीर्थरूप अखेरपर्यंत दुसऱ्यांच्या कामावर रोजाने गेले. पाटी कोणी लिहिली होती, याचा उच्चार त्यांनी कधीही केला नाही. आम्ही मात्र विसरलो नाही. पुढे शिक्षक झाल्यावर क्षेत्रफळाचा धडा आला की मुलांना वर्गाबाहेर नेऊन प्रथम जमिनीचा उतार पाहावयास लावीत असू.

आज काम पालटले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडात विटांचा तुटवडा पडला असता रस्त्यांसाठी सिमेंट काँक्रीटचे ठोकळे वापरात आले. तेच आज पेव्हर ब्लॉक या नावाने गावोगावी पसरले आहेत. भारतीय मानक संस्थेने २००६ साली त्यांचे मानक प्रसिद्ध केले. पायवाटेचा ठोकळा आणि जड वाहनांच्या वाटेचा ठोकळा यांची जाडी व ताकद निराळी असते. म्हणून दर सांगण्यापूर्वी येथून काय जाणार, हे विचारलेच पाहिजे. आपले अनेक तरुण बंगल्यांची अंगणे, शाळांची पटांगणे व बागांच्या वाटा यांची कामे घेतात. त्यांच्यासाठी अनुभवाने सांगतो: खोदाई व माती वाहून नेणे, मुरूम व खडीचा थर, दबाईचे यंत्र, वरचा वाळूचा थर, ठोकळे, कडेचे दगड, कापणी व तुटफूट, सांध्यांतील वाळू, मजुरांची हजेरी, पावसाने बुडणारे दिवस, अडकून राहणाऱ्या अनामतीचे व्याज आणि २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर, या प्रत्येकाची स्वतंत्र ओळ कागदावर असावी. पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची पातळी पाहिल्यावाचून आकडा उच्चारू नये. आणि जमिनीखाली खडक वा चिखल लागल्यास जादा दर पडेल, ही अट आधीच लिहून घ्यावी.

शेवटी शेकडेवारीचा एक धडा. पुष्कळांची समजूत अशी की, १०० रुपये खर्चावर २० चढविले म्हणजे शेकडा २० नफा झाला. परंतु १२० च्या बिलात २० म्हणजे शेकडा १६ रुपये ६७ पैसेच होतात. बिलाच्या शेकडा २० हाती राहावे असे वाटत असेल, तर १०० वर २५ चढवावे लागतात. कारण १२५ चा पाचवा भाग २५. हा फरक वर्षभराच्या कामांवर मोजून पाहावा, म्हणजे कष्ट करूनही शिल्लक का उरत नाही याचा उलगडा होईल. शिवाय स्वतःची मजुरी हा नफा नव्हे. ती खर्चात धरावी.

कमी दर सांगून काम मिळविणे हे आपल्यात चातुर्य समजले जाते. ज्ञातिबंधूच्या दरापेक्षा दोन रुपये उतरविण्यात दोघांचेही बैल विकले जातात, एवढेच आमचे नम्र सांगणे आहे. आपल्या घराघरांतून टाकी-हातोड्याशेजारी एक हिशेबाची वहीही पूजेस ठेवली जावो, आणि तीत आपल्या मुलामुलींच्या हातचे, जमीन पाहून मांडलेले आकडे असोत, अशी ईश्वरचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.